कुत्र्याची शाळा



वस्तीवर कुत्रा नाही असा ऊसकरी विरळाच. पण साखळीला बांधला, भाकरी टाकली, की आपले काम संपले. त्याला शिकवायचेही असते, हे ध्यानातच येत नाही.

लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात १९७८ साली मधल्या वेळेत करमणूक म्हणून एक खेळ दाखवला गेला. घोड्यांच्या अडथळ्यांच्या स्पर्धेवरून तो बेतला होता. लोकांना तो फार आवडला आणि पुढे देशोदेशी त्याच्या स्पर्धा भरू लागल्या. त्याला ‘अ‍ॅजिलिटी’ म्हणतात. आडव्या दांडीवरून उडी, बोगद्यातून धाव, रोवलेल्या काठ्यांतून नागमोडी पळणे, हे सारे ठरल्या क्रमाने व ठरल्या वेळात. साखळी नाही, धन्याने हात लावायचा नाही. नुसता शब्द आणि खूण.

याची सुरुवात आपल्या अंगणातही होते. पहिला धडा उडीचा नव्हे, हाकेचा. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ हे तीन शब्द पक्के करावेत. घरातल्या सर्वांनी तेच शब्द वापरावेत. ऐकले की लगेच भाकरीचा तुकडा द्यावा. काठी दाखवू नये. मार खाल्लेला कुत्रा हाकेला येत नाही. मग जमिनीवर ऊस आडवा ठेवून ओलांडायला शिकवावे. आधी तो चावून बघेल, बघू द्या! बाजेला दोन्ही अंगांनी गोणपाट लावले की बोगदा तयार. उन्हाच्या आत पाच-दहा मिनिटे पुरे. तो कंटाळण्याआधी थांबावे.

आता माझी चूक सांगतो. आमचा वाघ्या सहा महिन्यांचा असताना मी त्याला ट्रॉलीवरून उड्या मारायला लावत असे. पोरं टाळ्या वाजवत, मलाही चेव येई. एक दिवस त्याने पुढचा पाय टेकलाच नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “अहो, पिलाच्या हाडांची टोकं कोवळी असतात. वर्षभर तरी उंच उडी नको. मोठ्या जातीला दीड वर्ष थांबा.” वाघ्या आज चालतो, पण धावत नाही.

यंदा नवे पिलू आणले आहे. आधी रेबीजची लस टोचून घेतली. अंगणातला ऊस अजून जमिनीवरच आहे. त्याला वर्ष भरेपर्यंत तो तिथेच राहील.