चढाईपटू (कबड्डी)

चढाईपटू हा कबड्डीत प्रतिस्पर्धी संघाच्या अंगणात एकट्याने शिरून, बचावपटूंना स्पर्श करून मध्यरेषेपर्यंत परतणारा खेळाडू होय. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन बचावफळी भेदणाऱ्या रनिंग बॅकशी त्याची तुलना करता येते. मात्र रनिंग बॅकसाठी सहकारी पुढे राहून वाट मोकळी करतात. चढाईपटूला असे साहाय्य नसते.

मैदान व नियम

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापलीकडे १ मीटरवर बोनस रेषा असते. चढाई ३० सेकंदांची असते व तेवढा वेळ ‘कबड्डी’चा दम अखंड चालू ठेवावा लागतो. कोणालाही स्पर्श न झाल्यास निदानरेषा ओलांडणे बंधनकारक आहे. तिच्यापुढे अंतिम रेषेपर्यंत केवळ पावणेतीन मीटर उरतात. त्यामुळे बचावपटूंच्या टप्प्यात शिरल्यावाचून चढाई पूर्णच होत नाही.

उत्तम चढाईपटूचे गुण

धिप्पाड देह उपयोगी पडतो, पण तो निर्णायक नसतो. शरीराचा भार खाली ठेवणे, पावले आखूड टाकणे आणि माघारी वळतानाही कोपऱ्यातील बचावपटूंवरील नजर न हटवणे या गोष्टी अधिक मोलाच्या ठरतात, कारण घोट्याची किंवा मांडीची पकड बहुधा पाठ फिरवतानाच होते. साखळीतील दोन बचावपटूंपैकी कोण आधी पुढे येईल, याचा अंदाज घेऊन हुलकावणी द्यावी लागते. पकड झालीच, तर हात लांबवून मध्यरेषा गाठण्याची जिद्द कामी येते.

याहून अवघड आहे ते कधी थांबावे हे ओळखणे. पकडला गेलेला चढाईपटू मैदानाबाहेर जातो आणि आपल्या संघाने गुण मिळवून त्याला जिवंत करेपर्यंत बाहेरच राहतो. प्रमुख चढाईपटू असा बाहेर बसला, की लोण चढण्याचा धोका वाढतो. व्यावसायिक स्पर्धेत मात्र सावधपणालाही मर्यादा आहे: लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो.

पुण्यातील उदाहरण

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये ‘पुणेरी पलटण’ हा संघ पहिल्या हंगामापासून खेळत आहे. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल हे त्याचे घरचे मैदान. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे झालेल्या दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात या संघाने हरियाणा स्टीलर्सवर २८–२५ असा विजय मिळवून पहिले विजेतेपद पटकावले. अवघ्या तीन गुणांनी निकाल लागलेल्या या सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण मिळवले होते. कर्णधार अस्लम इनामदार हाही चढाईपटूच. हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात त्याचा समावेश होता.