बोटांचे ठसे: कोलकात्यापासून 'नॅफिस'पर्यंत

जगातल्या सुरुवातीच्या फिंगरप्रिंट ब्युरोंपैकी एक १८९७ साली आपल्या कोलकात्यात सुरू झाला! ठशांच्या वर्गीकरणाचं गणित बसवण्यात तिथले पोलीस अधिकारी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा. पद्धतीला नाव मात्र लागलं त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं. हा अन्यायच म्हणायचा.

आता जुळवणी संगणक करतो. ठशातली रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, ते बिंदू टिपून 'नॅफिस' ही राष्ट्रीय यंत्रणा साठवलेल्या नोंदींतून मिळतेजुळते ठसे समोर ठेवते. शेवटचा निर्णय तज्ज्ञाच्या डोळ्यांचाच, आणि तेच योग्य. महाराष्ट्र पोलिसांची 'अँबिस' ही यंत्रणा बोटांच्या ठशांबरोबर तळहात, चेहरा आणि डोळेही ओळखते.

म्हणूनच घरात चोरी झालीच, तर चोराचे ठसे पुसले जाऊ नयेत यासाठी पोलीस येईपर्यंत कपाटाला, कडी-कोयंड्याला कृपया हात लावू नका.