मुलाची चाचणी आणि पालकांची तयारी

शाळेतून आलेली एखादी चिठ्ठी घरातील स्वस्थता कशी नाहीशी करते, याचा अनुभव अनेक कुटुंबांना असतो. ‘मूल वर्गात मागे पडते, त्याची मानसशास्त्रीय तपासणी करून घ्यावी,’ एवढाच मजकूर तिच्यात असतो. परंतु आईला त्यात आपल्या संगोपनावरचा ठपका दिसतो, वडिलांना मुलाच्या भवितव्याची काळजी लागते, आणि ‘आमच्या घराण्यात कोणी वेडे निपजले नाही’ असे सांगून आजी विषय संपवू पाहते. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे ते मूल मात्र दाराआडून ऐकत असते आणि आपल्या हातून काही मोठा अपराध घडला आहे, असे मनाशी धरून बसते.

जयपूर शहराच्या दक्षिणेस सीतापुरा ही औद्योगिक वसाहत आहे. रत्ने आणि दागिने, तयार कपडे यांचे कारखाने तेथे आहेत, महाविद्यालये आहेत, आणि नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे तेथे येऊन स्थिरावतात. अशा ठिकाणी बदलीवर गेलेले एखादे मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आठ वर्षांची मुलगी घरात मराठी बोलते, मैत्रिणींशी ढूंढाडी वळणाची हिंदी बोलते आणि शाळेत इंग्रजीतून शिकते. ती वाचताना अडखळते, पाहून लिहितानाही अक्षरे गाळते. ती मुळातच मंद आहे, की तिची बुद्धी चांगली असून वाचनाचीच विशिष्ट अडचण आहे? की तिला फळा स्पष्ट दिसत नाही? की तीन भाषांच्या ओझ्याखाली ती तूर्त गोंधळली आहे? बाहेरून पाहता या चारही गोष्टी सारख्याच दिसतात. उपाय मात्र चौघींचे वेगळे. निदान चुकले तर मुलीची कित्येक वर्षे चुकीच्या वाटेवर जातात. म्हणूनच तपासणीचे महत्त्व.

बुद्धिमापनाचा उगमही अशाच गरजेतून झाला. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना साहाय्य कसे द्यावे, हा प्रश्न फ्रान्समधील शिक्षणखात्यापुढे होता. त्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थेओडोर सिमोन यांनी 1905 साली आपली पहिली श्रेणी तयार केली. बुद्धी ही जन्मतःच कायमची ठरून गेलेली वस्तू आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. योग्य शिक्षणाने ती वाढते, अशी त्यांची धारणा होती. पुढे त्यांच्या मापाला अंकाचे रूप आले आणि अंकाला नको तितकी प्रतिष्ठा मिळाली, हा दोष मूळ कल्पनेचा नव्हे.

पॅरिसच्या मुलांसाठी रचलेले प्रश्न केवळ भाषांतर करून आपल्या मुलांना विचारता येत नाहीत, हे आपल्याकडील अभ्यासकांनी लवकरच ओळखले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बिने-श्रेणीची सुधारित आवृत्ती सिद्ध केली आणि तिचा वृत्तान्त 1934 साली प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती आजही ओळखली जाते. वेक्सलर यांच्या बालचाचणीचे भारतीय रूप डॉ. आर्थर मॅलिन यांनी नागपूर येथे तयार केले. तीत शाब्दिक प्रश्नांच्या जोडीला हातांनी करून दाखवायची कामेही आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचनविकार ओळखण्यासाठी तयार केलेल्या चाचण्या 2015 साली पुढे आल्या. त्या हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत आहेत. या साऱ्या खटाटोपाचे सार असे की, मुलाला ज्या भाषेत विचारावे त्या भाषेचा हिशेब न घेता काढलेले अनुमान भरवशाचे नसते.

सीतापुऱ्यातील मराठी मुलीच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. अशा शब्दांपाशी मूल थबकले तर ते अज्ञान नसून दोन भाषांच्या सीमेवरचे अडखळणे असते. यासाठी घरी कोणती भाषा चालते, प्रत्येक भाषेशी मुलीचा संबंध कोणत्या वयात आला, स्वप्नातून जागी होताच ती कोणत्या भाषेत बोलते, हे परीक्षकाला आधीच सांगावे. मराठी आणि हिंदी दोन्हींची लिपी देवनागरीच असल्याने आणखी एक सोय होते. देवनागरी नीट शिकवलेली असून ती सहज वाचली जाते आणि अडचण इंग्रजीपुरतीच आहे, की जोडाक्षरांत आणि मात्रांतही तीच धांदल उडते, हे पाहण्यासारखे असते.

येथवर आल्यावर ध्यानात येते की, चाचणीची तयारी मुलाने करावयाची नसून पालकांनी करावयाची आहे. बाजारातून कोडी आणून मुलाकडून ती घोटवून घेणे म्हणजे ताप मोजण्यापूर्वी तापमापक थंड पाण्यात बुडविण्यासारखे आहे. आकडा मनासारखा येईल. पण ज्या मदतीसाठी खटपट केली तीच हातची जाईल.

पहिली गोष्ट, डोळे आणि कान तपासून घ्यावेत. ज्याला ऐकूच कमी येते त्याच्या लक्षाची परीक्षा घेणे हा अन्याय आहे. दुसरी गोष्ट, मुलाची हकीकत एका वहीत लिहून काढावी. जन्म कसा झाला, चालणे-बोलणे केव्हा सुरू झाले, मोठी आजारपणे कोणती, शाळा किती वेळा बदलली, अडचण प्रथम कोणाच्या आणि केव्हा लक्षात आली, हे तीत असावे. आणि मूल कशात रमते, काय उत्तम करते, हेही असावे. तिसरी गोष्ट, दोन-तीन वर्षांच्या जुन्या वह्या, प्रगतिपुस्तके, शिक्षकांचे अभिप्राय आणि पूर्वी झालेल्या तपासण्यांचे कागद बरोबर न्यावेत. वह्यांतील चुका खोडून नीटनेटक्या करू नयेत. त्या चुकांतच परीक्षकाला वाट सापडते. आणि शेवटी, कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते एका वाक्यात लिहून न्यावे.

मुलाला खरे सांगावे, आणि त्याच्या वयाला पेलेल इतकेच सांगावे. ‘खेळायला जाऊ’ म्हणून फसवू नये, ‘परीक्षा आहे’ म्हणून धाकही घालू नये. ‘तुला वाचताना त्रास होतो ना? तो कशाने होतो हे त्या बाई पाहणार आहेत. काही प्रश्न सोपे असतील, काही अवघड. अवघड सगळ्यांनाच जातात. येत नसेल तर येत नाही म्हणायचे,’ एवढे आठ वर्षांच्या मुलीला पुरे होते. तपासणी आजारपणात, किंवा रात्रीचा प्रवास करून आल्यावर करू नये. पोटभर न्याहारी, पुरी झोप आणि चष्मा असल्यास चष्मा, हीच त्या दिवसाची सामग्री. नेहमीचे औषध चालू असल्यास ते देण्याविषयी डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. तपासणी एकाहून अधिक बैठकांत झाली तर धीर सोडू नये, आणि बाहेर येताच ‘काय विचारले?’ म्हणून मुलाची उलटतपासणी घेऊ नये.

अहवाल हाती आला की नजर प्रथम बुद्ध्यंकावर जाते. तो एका दिवसाचे, एका साधनाने केलेले माप आहे. त्याला चुकभूल आहे. त्याहून मोलाचे प्रश्न असे: बलस्थाने कोणती, उणीव नेमकी कोठे, शाळेने काय बदलावे, घरी काय करावे, पुन्हा केव्हा तपासावे? न समजलेला शब्द परीक्षकाकडून साध्या भाषेत समजून घेण्यात कमीपणा नाही. विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने मान्यता दिली आहे, आणि तो कायदा राजस्थानात तसाच महाराष्ट्रात लागू आहे. म्हणून अहवालाच्या प्रती जपून ठेवाव्यात. बदली झाली तरी त्या मुलाबरोबर जाव्यात.

सीतापुऱ्यातील त्या मुलीचे निदान काहीही ठरो, दाराआडून तिने जे ऐकले होते ते पुसून टाकण्याचे काम कोणतीही चाचणी करणार नाही. ‘तुझे काही चुकलेले नाही, अडचण कोठे आहे ते आता आपल्याला कळले,’ हे तिला आईवडिलांच्याच तोंडून ऐकावयास मिळाले पाहिजे.