उंच आई-बाबा, बुटकी बाबागाडी

मी पाच फूट दहा, नवरा सहा-दोन. बाबागाडी ढकलताना दोघंही हातगाडीवर वाकल्यासारखे दिसतो! त्यात बाळंतपणानंतर पाठ आधीच कुरकुरत असते. छत्रीसारखा मिटणारा स्ट्रोलर १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश इंजिनियरने डिझाइन केला. वजनाला मस्त, पण अशा गाड्यांचं हँडल बहुतेकदा वर-खाली होतच नाही.

तेव्हा दुकानात रंगाआधी हँडल बघा. पाठ ताठ, कोपर किंचित वाकलेलं आणि हँडल बेंबीच्या आसपास हवं. मग तिथेच चक्क लांब ढांगा टाकून चाला. पाय मागच्या दांड्याला आपटला, की ते मॉडेल बाद. सेल्समन हसला तर हसू दे! हँडलला पिशव्या मात्र अडकवू नका, गाडी मागे उलटते.

अंघोळीला टबपेक्षा आजीची पद्धत बेस्ट. पाटावर बसायचं, पाय पसरायचे, त्यावर बाळ. ‘इथे तरी कामाला आले हो तुझे लांब पाय,’ इति सासूबाई.