कॉलममधली वाफ वाचवा, भुसा वाचेल

शेतकरी बंधूंनो, आपल्या उसाच्या मळीपासून कारखान्यात स्पिरिट, इथेनॉल तयार होते. त्यासाठी डिस्टिलरीच्या उंच कॉलममध्ये खालून वाफ चढते, वरून द्राव उतरतो. दोघांचा संपर्क जितका चांगला, तितके कमी वाफेत चोख स्पिरिट मिळते. हा संपर्क वाढावा म्हणून पन्हाळी पत्र्यांचे थर, म्हणजे स्ट्रक्चर्ड पॅकिंग, भरतात. चाकणहून शिक्रापूरमार्गे जवळच असलेल्या कोंढापुरीत सुल्झर कंपनी ही सामग्री बनवते. नेहमीच्या पॅकिंगच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २५० चौरस मीटर पत्रा असतो आणि वाफेला अडथळाही कमी होतो.

पण नुसतं पॅकिंग भरून भागत नाही. सरीतलं पाणी एकाच कडेनं पळालं, तर बाकीचा ऊस तहानलेलाच राहतो ना? तसंच इथं. द्राव वाटणारा वरचा डिस्ट्रिब्युटर लेव्हलमध्ये हवा, त्याची छिद्रं साफ हवीत, कॉलम ओळंब्यात हवा. गाळ असलेल्या वॉशच्या कॉलममध्ये मात्र प्लेटाच बऱ्या. पॅकिंग तिथं तुंबतं.

सभासदांनो, वार्षिक सभेत उसाच्या भावाबरोबर हेही विचारा: लिटरभर स्पिरिटला किती किलो वाफ लागते? मागच्या वर्षी किती लागली? बॉयलरमध्ये भुसा जळत असेल, तर वाचलेल्या वाफेच्या प्रमाणात तो शिल्लक राहतो.