विश्लेषण : बागेतील वाफ्यात पांढरे गोटे की पालापाचोळा? उन्हाळ्यात झाडांना काय मानवते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरांतल्या अनेक सोसायट्यांत एक विचित्र देवाणघेवाण चालते. कडुनिंब, पिंपळ, करंजाचा गळलेला पाला झाडून पोत्यांत भरला जातो आणि फाटकाबाहेर जातो. त्याच फाटकातून पांढऱ्या गोट्यांची पोती आत येतात. वाफे दोन महिने झकास दिसतात. मे उजाडला की त्याच वाफ्यातल्या जास्वंदीची पाने दुपारी माना टाकतात आणि माळ्याला पाणी वाढवायला सांगितले जाते. पाणी मात्र तोवर टँकरने येत असते.

आच्छादन कशासाठी?

उघड्या मातीवर ऊन पडले की वरच्या थरातले पाणी आधी उडून जाते. बहुतेक फुलझाडांची अन्न घेणारी बारीक मुळे याच थरात असतात. मातीवर काहीही पसरले, पाला असो वा दगड, तरी हे बाष्पीभवन कमी होते आणि तणही कमी उगवते. त्यामुळे ‘गोटे पाणी वाचवतात’ हा नर्सरीवाल्यांचा दावा खोटा नाही. मात्र तो अर्धाच आहे.

मग गोट्यांचे काय चुकते?

दगड दिवसभर उष्णता साठवतो आणि सूर्य मावळल्यावर ती सोडत राहतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा झाडाला निदान रात्री थोडा विसावा हवा असतो. गोट्यांच्या वाफ्यात तोही मिळत नाही. काळा दगड जास्त तापतो. पांढरा कमी तापतो, पण ऊन परतवून पानांच्या खालच्या बाजूवर मारतो. सिमेंटच्या भिंतीलगतच्या वाफ्यात तर झाड दोन्हीकडून भाजते. याउलट कोरड्या पाल्याच्या थरात हवा अडकलेली असते, त्यामुळे उष्णता खाली सहज पोहोचत नाही. ऐन दुपारी पाला बाजूला सारून मातीला हात लावून पाहा, फरक लगेच कळतो.

दुसरा मुद्दा मातीचा. पाला कुजतो, गांडुळे तो खाली ओढतात, माती भुसभुशीत होते. दगड मातीला काहीच देत नाही. शिवाय बाजारातले बरेच पांढरे गोटे आणि चिप्स संगमरवराचे, म्हणजे चुनखडीच्याच कुळातले असतात. आपली काळी माती आधीच चुनखडीयुक्त. अशा मातीत अनंत, एक्झोरा यांना लोह मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यात आणखी चुना कशाला?

वजनाचा विचारही कुणी करत नाही. १०० चौरस फुटांच्या वाफ्यावर दोन इंच गोटे पसरायचे तर साधारण ७०० किलो लागतात. गच्चीवरच्या बागेत हा भार स्लॅबवर येतो.

आणि ‘खाली प्लास्टिक टाकले की तण येत नाही’ हे पहिल्या वर्षापुरतेच खरे. नंतर गोट्यांच्या फटींत धूळ, पाला साचून वर नवी माती तयार होते आणि तण तिथेच रुजते. खालच्या मुळांना मात्र ना हवा मिळते, ना पावसाचे पाणी.

दगड कुठे योग्य ठरतो?

स्पेनच्या लांझारोटे बेटावर १७३० ते १७३६ दरम्यान ज्वालामुखीचे उद्रेक झाले. तिथले शेतकरी आजही त्या काळ्या राखेच्या जाड थरात खड्डे करून द्राक्षवेली वाढवतात. पाऊस अगदी कमी, पण राखेखाली ओल टिकते. मात्र तिथे समुद्राच्या वाऱ्यामुळे हवा सौम्य असते. नागपूर-अकोल्याच्या उन्हाशी त्याची बरोबरी होत नाही.

आपल्याकडे अडेनियम, निवडुंग, कोरफड यांच्याभोवती खडी उत्तम, कारण त्यांना बुंध्याशी ओल सोसत नाही. पन्हाळीचे पाणी पडते ती जागा, पायवाटेची कड आणि घराच्या भिंतीलगतचा हातभर पट्टा इथेही दगडच बरा. भिंतीला टेकलेला पाला वाळवीला आमंत्रण देतो.

पाला कसा पसरावा?

दोन ते तीन इंचांचा थर पुरतो. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. बुंध्याशी ढीग लावला तर साल कुजते, आणि ही चूक भलेभले माळीही करतात. पाला आधी थोडा चुरून घेतला तर वाऱ्याने उडत नाही. पाला कमी पडला तर उसाचे पाचट, भुईमुगाची टरफले, कोकणात नारळाची सोडणे, जे जवळ मिळेल ते चालते. बी धरलेले गवत तेवढे टाळावे. पसरण्याआधी वाफा भरपूर भिजवावा, कारण वरवर शिंपडलेले पाणी पाल्यातच जिरते. ठिबकची नळी असेल तर ती पाल्याखाली घ्यावी.

पावसाळ्यात हिशेब थोडा बदलतो. जाड, ओल्या थराखाली शंखी गोगलगाई लपतात. जूनमध्ये थर विरळ करून जास्तीचा पाला खतखड्ड्यात टाकावा.

पाला जाळला तर?

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंडाचा आदेश दिला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितले होते. वाफ्यावर पसरला तर साठवायची वेळच येत नाही.

गोटे आधीच टाकले असतील तर?

फेकू नयेत. उन्हाळ्यापूर्वी फुलझाडांच्या वाफ्यातले गोटे उचलून खालचे प्लास्टिक काढावे, माती हलकेच मोकळी करून शेणखत घालावे आणि वर पाला पसरावा. उचललेले गोटे निवडुंगाच्या कुंड्यांत किंवा पायवाटेच्या कडेला कामी येतात.