स्पर्धा स्पेलिंगची, तयारी स्वयंपाकघरातली

गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरलीचं नाव शाळेनं स्पेलिंगच्या स्पर्धेसाठी घेतलं. स्पर्धा देशपातळीची, पहिली फेरी शाळेतच. मी बी.ए., वर अर्धवेळ शिक्षिका, मग काय विचारता! वही आखली. रोज वीस शब्द, प्रत्येक दहा वेळा लिहायचा. महिन्यात वही भरली. एके संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी सहज तोंडी विचारलं, "गुडघ्याचं स्पेलिंग सांग गं." पोरीनं सुरुवात केली ती थेट एनपासून, सुरुवातीचा के गायब! लिहायला सांगितलं तर बिनचूक. मी चिडले, ती रडली आणि तव्यावरची पोळी करपली ती वेगळीच.

मैत्रिणींनो, माझी चूक अशी, की ही परीक्षा तोंडाची आणि मी तयारी करून घेत होते हाताची. या स्पर्धेत उभं राहून एकेक अक्षर मोठ्यानं सांगायचं असतं. अमेरिकेतल्या प्रसिद्ध राष्ट्रीय स्पर्धेत तर तोंडातून गेलेलं अक्षर बदलता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, पण आधी सांगितलेली अक्षरं तीच आणि त्याच क्रमानं हवीत.

ती स्पर्धा १९२५ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी फ्रँक न्यूहॉसर हा अकरा वर्षांचा मुलगा 'ग्लॅडिओलस' शब्दावर जिंकला. फुलवाल्याकडे लांब दांड्यांची फुलं मिळतात ना, तीच. १९८५ साली बालू नटराजन जिंकला आणि तिथल्या भारतीय घरांत या स्पर्धेचं वेडच शिरलं. २०१९ साली तर आठ मुलं बरोबरीत विजयी ठरली. त्यांतली सात भारतीय वंशाची, आणि त्यांत एक सोहम सुखटणकर! आडनाव वाचून मला उगाचच आपल्या घरातलं कुणी जिंकल्यासारखं वाटलं. त्याच आठांपैकी एकाला शेवटचा शब्द आला होता बोगनव्हिलिया, म्हणजे आपल्या फाटकावरची बोगनवेल.

पण मला खरं शिकवलं ते २०२१ च्या विजेतीनं. झायला अवांगार्द या मुलीला 'मुराया' हा शब्द आला. आपला कढीपत्ता याच वनस्पतिकुळात धरला जात आला आहे. तिनं लगेच अक्षरं सांगितली नाहीत. या शब्दात मरे हे इंग्रजी नाव दडलंय का, असं तिनं विचारलं. ते दडलेलं होतंच; मरे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरूनच हे नाव पडलं. शब्दाचा अर्थ, तो कुठल्या भाषेतून आला, वाक्यात कसा येतो, हे विचारायची मुभा तिथे असते. शहाणी मुलं ती वापरतात.

मग मी घोकंपट्टीची वही बंद केली. 'श' हा एकच आवाज घ्या. शुगर, स्टेशन, मशीन, ओशन: कानाला सारखा, पण चारही ठिकाणी अक्षरं निराळी. आपल्या देवनागरीत 'श' म्हटला की बहुतेक वेळा 'श'च लिहायचा, म्हणून आपली मुलं इथे हमखास अडखळतात. 'व'चंही तसंच; व्ही की डब्ल्यू हे आपल्या कानाला चटकन कळत नाही. पण मशीन फ्रेंचमधून आलं म्हणून त्यात सी-एच, हे एकदा कळलं की शेफ आणि ब्रोशर आपोआप येतात. सायकॉलॉजीतला मुका पी ग्रीकमधून आलेला. ग्लॅडिओलसच्या मुळाशी लॅटिनमधली तलवार आहे, कारण त्याची पानं तलवारीसारखी. आणि मुंगूस? इंग्रजीतला मंगूस मूळचा आपल्या मराठीतला! हे ऐकून थोरली दिवसभर सगळ्यांना तेच सांगत फिरत होती.

आमच्या धाराशिवात घरोघरी मराठीच. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई म्हणाली, "बाई, मला कुठं इंग्रजी येतंय, पोरीचं मी काय घेऊ?" मी म्हटलं, उच्चार मोबाइलमधला शब्दकोश ऐकवतो. तुम्ही एवढंच करा: पोरीला समोर उभी करा, आधी शब्दाचा अर्थ तिच्याकडून मराठीत काढून घ्या, मग अक्षरं सांगू द्या. भाजी निवडता निवडता होतं. रोज वीस मिनिटं पुरे. जांभया आल्या की थांबायचं. चुकली तर "पुन्हा बघू" म्हणायचं, बस्स. हे शेवटचं मलाच सगळ्यात अवघड गेलं.

थोरली शाळेतली फेरी जिंकली आणि पुढच्या फेरीत 'व्हॅक्यूम'वर गेली. सी दोनदा सांगितला, यू एकदा. हवं होतं नेमकं उलट. घरी येऊन दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, तो शब्द कुठून आला हे मी विचारलंच नाही गं." लॅटिनमधून आलाय. आम्ही दोघींनी मिळून शोधला, कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत.